डावा पाय पुढे

त्या दिवशी बाराच्या सुमाराला काशीतलं दाट धुकं, इथला कोहरा, विरलं आणि रामघाटच्या गल्लीतली सगळी माणसं छतांवर आली. अकरा दिवस कुणी ऊन पाहिलं नव्हतं. कुणी गाद्या वाळत घातल्या, कुणी घरातल्या म्हाताऱ्यांना खुर्चीसकट वर आणून ठेवलं. ढुंढिराजांनी एक जुनं धोतर चौघडी घालून अंथरलं, त्यावर ती लांबोडकी निळी फळी आडवी ठेवली, शेजारी अवजारांचा डबा उघडला आणि मुलीला हाक मारली.

“बकू, पेचकस आण. फुलीचा, मोठा.”

“डब्यात आहे की, बाबा.”

“तो लहान पडतो. स्क्रूची खाच खाऊन टाकेल. खाली खिडकीत आहे तो आण.”

बकुळ खाली गेली आणि पेचकस घेऊन वर आली. जिन्यावर तिच्या पावलांचा आवाज नेहमीसारखाच आला, एक जड आणि एक हलका. दोन वर्षांची असताना पोलिओ झाला, तेव्हापासून तिचा डावा पाय उजव्यापेक्षा बारीक होता आणि पाऊण इंच आखूड. आता ती बत्तीस वर्षांची होती, विद्यापीठाच्या ग्रंथालयात सूचीची कार्डं लिहीत असे, आणि तिच्या डाव्या जोड्याचा जाड तळ अजूनही बाबाच बनवत.

फळी मारियानची. ही ऑस्ट्रियन मुलगी तीन हिवाळे शेजारच्या घरात खोली घेऊन धृपद शिकत होती आणि दर फेब्रुवारीत औलीच्या बर्फावर जात होती. या वर्षी ती कायमची परत गेली, तेव्हा स्नोबोर्ड, त्यावरच्या सुट्या केलेल्या बाइंडिंग्ज आणि बूट बकुळच्या दारात ठेवून गेली. औलीला तिचा एक मित्र नवख्या लोकांना सात दिवसांत फळीवर उभं राहायला शिकवी. त्याला तिनंच पत्र टाकलं होतं. बावीस फेब्रुवारीला या, असं त्याचं उत्तरही आलं होतं. हे सगळं बकुळनं का मनावर घेतलं ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. जाताना मारियान सहज म्हणाली होती, यावर दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले असतात, त्यामुळे यावर कुणीच लंगडत नाही.

“ढुंढू, काय चाललंय? दार बसवतोयस?” शेजारच्या छतावरून नीलकंठकाकांनी विचारलं. ढुंढिराजांचे हे थोरले भाऊ वेदपाठशाळेत शिकवत. दोन छतांच्या मध्ये कमरेएवढी भिंत होती.

“बकूच्या खडावा बसवतोय, दादा. बर्फावरच्या.”

“बर्फावर घसरायला शिकवणी लावावी लागते? आपल्या गल्लीत शेणावरून फुकट घसरता येतं.”

“तिथं शेण मिळत नाही ना. म्हणून शिकावं लागतं.”

“कातडं आहे का त्यात?”

“नाही, सगळं प्लास्टिक. ये, बिनधास्त शिव.”

काकांनी नुसतं ‘हं’ केलं आणि उन्हाकडे पाठ करून बसले. कातड्याची ही थट्टा दोघा भावांत सव्वीस-सत्तावीस वर्षं चालू होती. सुरुवातीला ती थट्टा नव्हती. ढुंढिराजही पाठशाळेतच शिकवत होते. बकुळच्या पायाला बाजारातला कुठलाच जोडा बसेना, तेव्हा ते इस्पितळाच्या कार्यशाळेत जाऊन बसू लागले, पायाला आधार देणारे कॅलिपर आणि उंच तळाचे जोडे करायला शिकले, आणि वर्षाच्या आत पाठशाळा सोडून तिथंच नोकरीला लागले. वैदिकाच्या घरातला मुलगा चामडं शिवतो म्हणून काकांनी दोन वर्षं त्यांच्या हातचं पाणी घेतलं नाही. कार्यशाळेत मात्र सगळे त्यांना पंडितजी म्हणत.

“वाच,” ढुंढिराज म्हणाले.

मारियाननं एका कागदावर इंग्रजीत सगळं लिहून ठेवलं होतं. बकुळ एकेक ओळ मराठीत सांगत गेली. बाइंडिंग म्हणजे प्लास्टिकची एक जाड बैठक, मागे पोटरीला टेकणारी पाठ, पुढे दोन पट्टे, एक घोट्यावरून आणि एक बोटांवरून. बैठकीच्या मध्यभागी वाटोळी चकती, चकतीच्या कडेला अंशांच्या खुणा आणि मध्ये चार स्क्रूंची भोकं. चकतीवर बैठक जशी फिरवावी तसा पाय फळीवर वळतो.

“नवख्या माणसासाठी पुढच्या पायाला अठरा अंश, मागच्याला सहा. दोन पायांत अंतर खांद्यांच्या रुंदीएवढं.”

“खांद्यांचं काय घेऊन बसलीस,” ढुंढिराज म्हणाले. “उभं पायांवर राहायचं असतं.” त्यांनी शिंप्याची मापाची फीत काढली, गुडघ्याच्या वाटीखालून टाचेपर्यंत आधी उजवा पाय मापला, मग डावा, आणि दोन्ही आकडे फळीवरच पेन्सिलीनं लिहिले. “हां. आता बूट घाल. डाव्यात मी कॉर्क भरलाय, बघ उंची येते का.”

बूट मारियानचे, एक नंबर मोठे. कॉर्कमुळे डावा पाय बरोबर वर आला. बकुळ सरळ उभी राहिली. बाबा तिच्यापासून चार पावलं लांब जाऊन तिचे खांदे एका रेषेत आहेत का ते बघत राहिले, कार्यशाळेत पेशंटकडे बघत तसे.

“पुढे काय लिहिलंय?”

बकुळ अडखळली. “कुठला पाय पुढे ठेवायचा ते ठरवायचं. माणसाला बेसावध असताना मागून हलकेच ढकलायचं. तोल सावरायला जो पाय आपोआप पडेल तो पुढचा.”

“मग आता तर तुला कळलं.”

“कळलं.”

“मग काय उपयोग!” ते हसले, पण त्यांनी प्रयत्न सोडला नाही. ती कागद घडी करत असताना त्यांनी तिच्या पाठीला हळूच धक्का दिला. उजवा पाय पुढे पडला. ती पेन्सिल उचलून उभी राहत होती तेव्हा पुन्हा दिला. पुन्हा उजवा.

दुपारभर ती त्याच तयारीत होती. उजवा पाय आधी हे आता नसलेल्या आईनं तिला चालायला लागल्यापासून शिकवलं होतं. देवळात, परक्याच्या उंबऱ्यावर, नावेत, परीक्षेच्या वर्गात, आधी उजवा. गल्लीतल्या सगळ्या मुलांना तेच शिकवत, पण बकुळनं ते जरा जास्तच मनावर घेतलं होतं. उजवा तिचा चांगला पाय होता. तो पुढे असला की डावा कुणाच्या नजरेत येत नसे. बाबांच्या तर मुळीच येऊ नये, असं तिला वाटे.

“उजवा तर उजवा,” ढुंढिराज म्हणाले. तिच्याकडे त्यांनी अंमळ जास्त वेळ पाहिलं. “नक्की ना?”

“नक्की.”

“ठीक. पेशंट म्हणेल तसं.”

मग त्यांनी काम सुरू केलं. बूट बैठकीत ठेवून टाच आणि बोटं फळीच्या दोन्ही कडांपासून सारखीच बाहेर येतात का ते डोळा जमिनीला लावून पाहिलं. चकती फिरवून अठरावर आणली. चारही स्क्रू आधी बोटांनीच धरवले, मग पेचकसानं समोरासमोरचे आवळले, थोडा हा, थोडा तो. “एकच आधी पूर्ण आवळला तर बैठक कलते. मग बाकीचे तीन कितीही पिळ, कललेलीच राहते.” त्यांच्या डाव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं. पेचकस फिरवताना ते नख उन्हात पांढरं दिसे.

बकुळला ते नख बघवत नसे. ती सहा वर्षांची असताना बाबांनी तिला पहिला जोडा करून दिला, पायात चढवला आणि विचारलं, कुठं लागतंय का? ती खरं बोलली. घोट्याच्या आतल्या बाजूला लागतंय. त्यांनी एवढा मेहनतीनं शिवलेला जोडा तिथल्या तिथं उसवला आणि तीन संध्याकाळी बसून नव्यानं शिवला. तिसऱ्या संध्याकाळी आरी अंगठ्यात गेली. आईनं हळद दाबून धरली, पण नख पुढे तसंच वाढलं, दुभंगलेलं. त्यानंतर बाबांनी तिला सव्वीस जोडे करून दिले आणि दरवेळी तोच प्रश्न विचारला. बकुळनं दरवेळी सांगितलं, कुठंच नाही.

“उभी राहा यावर.” त्यांनी तिचे दोन्ही पाय बैठकांत ठेवले, पट्टे दात्यांवरून कट् कट् करत ओढले. मग गुडघ्यांवर बसून त्यांनी तिच्या डाव्या बुटात वरून बोट घातलं, मोज्याखाली घोट्याच्या आतल्या बाजूला जुना घट्टा होता तिथं ते क्षणभर थांबलं.

“कुठं लागतंय का?”

पट्टा नेमका तिथंच दाबत होता.

“कुठंच नाही, बाबा.”

“बघ हं. बर्फावर मी नसणार.”

“नाही लागत. खरंच.”

त्यांनी मान हलवली आणि पट्टे सोडले. बकुळ चहा करायला खाली गेली. वर आली तेव्हा दोघे भाऊ मधल्या भिंतीला टेकून काहीतरी बोलत होते आणि ती दिसताच गप्प झाले. बाबा सुट्या चकत्या, उरलेले स्क्रू असं सगळं सुपारीच्या जुन्या पत्र्याच्या डबीत भरत होते. “उद्या ऊन पडलं तर गंगेपलीकडे रेतीवर जाऊ,” ते म्हणाले. “मारियान लिहिते ना, आधी रेतीवर उभं राहून बघा म्हणून. विष्णू नावाड्याला नाव काढायला सांगितलंय.” चहात साखर जास्त झाली होती. त्यांनी तसं सांगितलं आणि तो प्यायला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते नेहमीसारखे पंचगंगा घाटावर स्नानाला गेले. परत येताना अर्ध्या पायऱ्या चढून बसले. ओळखीच्या पंड्यानं हाक मारली, पंडितजी, कोहरे में मत बैठिए. त्यांनी हात वर केला. तो मिनिटभरानं पुन्हा आला तेव्हा ते भिंतीला टेकलेले होते आणि सगळं संपलं होतं.

क्रियाकर्म काकांनी केलं. बकुळ सांगितलं ते देत गेली, मागितलं ते आणत गेली. ती रडत नाही असं बायका आपसांत म्हणाल्या. तेराव्याच्या आदल्या दिवशी काका दारात येऊन उभे राहिले.

“बकुळे, दानाला छत्री, भांडी, सगळं झालं. जोडे राहिले. त्याच्या मापाचे हवेत. किती नंबर लागायचा त्याला?”

तिला माहीत नव्हतं. काकांना नव्हतं. कार्यशाळेत निरोप पाठवला, तिथंही कुणाला सांगता येईना. शहरभरातल्या हजारेक पायांची मापं त्या माणसाला पाठ होती आणि त्याच्या पायाचं माप कुणी कधी घेतलं नव्हतं. शेवटी बकुळनं त्यांच्या जुन्या चपलेखाली कागद ठेवून पेन्सिल फिरवली, आणि तो कागद घेऊन नीलकंठशास्त्री स्वतः चौकातल्या चामड्याच्या दुकानात गेले. आयुष्यात पहिल्यांदा.

फळी खोलीच्या दारामागे उभी होती. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एका रविवारी बकुळनं ती छतावर नेली. बूट घातले, पट्टे ओढले, गुडघे वाकवले आणि उजवा खांदा पुढे करून उभी राहिली. लगेच तिच्या पायांना कळलं की हे उलटं आहे. अंग मागे खेचलं जात होतं, मान वळत नव्हती, डावा पाय मागे राहून थरथरत होता. ताकदीचा पाय मागे हवा होता, हे समजायला पुस्तकाची गरज नव्हती.

करायचं काय तेही कागदावर लिहिलेलं होतं. आठ स्क्रू काढायचे, बाइंडिंग्ज अदलाबदल करायच्या, पुन्हा आवळायचे. अर्ध्या तासाचं काम. ती पेचकस हातात घेऊन बसली आणि स्क्रूंच्या खाचांकडे बघत राहिली. बाबांनी शेवटचं काही केलं असेल तर ते हे. पाव फेरा जरी फिरवला तरी ते त्यांचं राहणार नव्हतं. आणि चुकीचं का असेना, ते त्यांनी चुकवलं नव्हतं. तिनं सांगितलं होतं, नक्की.

गेलेल्या माणसाच्या वस्तूंना हात न लावणाऱ्या माणसांबद्दल तिनं बरंच वाचलं होतं, आणि वाचताना ती त्यांच्यावर थोडी चिडतही असे. तिनं पेचकस ठेवून दिला. संध्याकाळी औलीला पत्र लिहिलं, येता येणार नाही. पत्र पर्समध्ये घातलं. आठवडाभर रोज ती डाकघरावरून ग्रंथालयात गेली आणि पत्र पर्समध्येच राहिलं.

पुढच्या रविवारी सकाळी काकांनी खालून हाक मारली. “बकुळे! ती फळी, बूट घे आणि ये खाली. अवजारंही घे.”

“कुठे?”

“रेतीवर. विष्णू थांबलाय अमृतराव घाटाखाली.”

ती जिन्यातच थबकली. “काका, बाबांना जाऊन अजून महिनाही व्हायचाय.”

“शास्त्र मला शिकवू नकोस. वर्षाच्या आत सणवार करायचे नसतात. हा कुठल्या पंचांगातला सण? ढुंढूचं काम राहिलंय अर्धं.” आणि जरा वेळानं, “त्याच्या जोडीनं माझंही.”

त्यांचं काय काम राहिलं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

विष्णूनं फळी नावेत आडवी ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत वल्हं मारलं. “दीदी, ई का है? पंडितजी कहे रहे, बिटिया का खड़ाऊँ है.”

“हाँ, वही है.”

“इत्ता बड़ा खड़ाऊँ?”

“दोनों पैर का एक ही है,” काका म्हणाले. त्यांनी कानाला मफलर बांधला होता आणि नावेची कड दोन्ही हातांनी धरली होती.

पलीकडच्या तीरावर पाणी मागे सरलं होतं आणि रेतीचा दीड पुरुष उंच उतार मोकळा पडला होता. मागे नजर पोचेल तिथवर पांढरी रेती, आणि समोर नदीपल्याड मशिदीच्या भिंतीखालचा पंचगंगा घाट. त्याच्या पायऱ्या इथून दिसत होत्या. किती वर चढल्यावर अर्ध्या होतात, हे बकुळ नजरेनं मोजू लागली.

तेवढ्यात कुणीतरी तिला मागून जोरात ढकललं.

ती दोन पावलं धडपडली आणि सावरली. “काका!” तिनं वळून पाहिलं. सत्तरीचे नीलकंठशास्त्री दोन्ही हात अजून पुढे करून उभे होते, आणि तिच्यापेक्षा तेच जास्त घाबरले होते.

“लागलं का? जरा जोरात झालं. मला सवय नाही.”

“पण का?”

“डावा,” ते म्हणाले. “डावा पडला. हे बघ, रेतीत उमटलाय.” ओल्या रेतीत तिच्या उंच तळाच्या जोड्याचा ठसा खोल रुतला होता. “मला एवढंच बघायचं होतं. त्या दिवशी छतावर ढुंढू म्हणाला, दादा, ती माझ्यापुढे सावध असते. उद्या रेतीवर तू ढकल. तू असं काही करशील हे तिच्या ध्यानीमनी नसणार.”

बकुळ वाकून तो ठसा बघू लागली.

“मी म्हटलं, अरे पण ती उजवा म्हणाली ना? तर म्हणाला, ती म्हणाली म्हणून तर बसवला. लहानपणापासून ती डावाच टाकते, कुणी बघत नसलं की.” काका मफलर सोडून पुन्हा बांधू लागले. “तुझी आई ओरडायची डाव्या पायावरून. मीही ओरडलोय. तो तेवढा ओरडला नाही कधी. आता ते कसं फिरवायचं ते तू बघ. मला त्यातलं काही येत नाही.”

ते नावेपाशी जाऊन विष्णूजवळ बसले आणि मुद्दाम दुसरीकडे बघू लागले.

बकुळ रेतीवर बसली. फळी मांडीवर घेतली. फुलीचा मोठा पेचकस पहिल्या स्क्रूच्या खाचेत नीट बसवला आणि अंगाचा भार देऊन फिरवला. स्क्रू क्षणभर अडला, मग सुटला. ती थांबली. काही झालं नाही. नदीवरून एक नाव गेली. तिनं समोरासमोरचा दुसरा सोडवला, मग उरलेले दोन. रेतीत हरवायला नकोत म्हणून ते तिनं आपल्या शालीच्या टोकात ठेवले आणि चकती उचलली.

चकतीखाली, बैठकीनं झाकलेल्या जागी, निळ्या रंगावर पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या. एक मधली उभी रेघ, तिला छेदून जाणारी तिरकी, आणि शेजारी बाबांच्या वळणदार अक्षरात ‘डा १८’. तिनं घाईघाईनं दुसरी बाइंडिंग सोडवली. तिच्याखाली ‘उ ६’. टाच कुठे येईल, बोटं कुठे, दोन्ही कडांपासूनची अंतरं. सगळं मापून ठेवलेलं. तिनं म्हटलं तसं त्यांनी वर बसवलं होतं, आणि खाली जे खरं ते लिहून झाकून ठेवलं होतं.

स्क्रू शालीतून घरंगळत होते, तेव्हा तिला सुपारीची डबी आठवली. अवजारांत ती होती. झाकण घट्ट बसलं होतं. आत चार जादा स्क्रू, एक वॉशर आणि कागदाची लहान पुडी. पुडीत जाड पांढऱ्या फेल्टचं, दाबलेल्या लोकरीचं, एक कडं निघालं, लहान मुलीच्या बांगडीएवढं, मधे घोट्याच्या हाडाएवढं भोक, कडा कात्रीनं उतरत्या केलेल्या. असली कडी बाबा कार्यशाळेत करत. हाडावर पट्टा दाबतो तिथं हाडाभोवती ठेवलं की भार कडेवर जातो आणि हाड सुटतं. मागच्या बाजूला गोंद लावून मेणकागद चिकटवलेला होता. कापून तयार होतं. लावलेलं नव्हतं.

पेशंटनं सांगितल्याशिवाय ते लावत नसत.

बकुळनं ते कडं स्वेटरच्या खिशात ठेवलं. मग तिनं डावी बाइंडिंग फळीच्या पुढच्या टोकाकडे ठेवली, चकती रेघेला लावली, अठरावर फिरवली. चारही स्क्रू बोटांनी धरवले. समोरासमोरचे आवळले, थोडा हा, थोडा तो. बैठक कुठंही कलली नाही. उजवी मागे, सहावर. बूट बैठकांत ठेवून टाच आणि बोटं दोन्ही कडांपासून सारखी येतात का ते बघायला ती रेतीत आडवी झाली, गाल रेतीला लावून एक डोळा मिटून तिनं पाहिलं. सारखी होती.

मग बूट घालून उताराच्या माथ्यावर ती फळीवर उभी राहिली. डावा खांदा पुढे, मान आपोआप नदीकडे वळलेली. डाव्या पायाखाली कॉर्क, मागे उजव्या पायाचा भरवसा. तिनं पट्टे ओढले, कट् कट् कट्. घोट्याच्या आतल्या बाजूला, नेहमीच्या जागी, दाबलं.

“बसलं का नीट?” काकांनी खालून ओरडून विचारलं.

‘हो’ तिच्या ओठांवर आलंच होतं.

“नाही,” ती म्हणाली. “लागतंय.”

“काय?”

काकांना ऐकू गेलं नव्हतं. बकुळनं वाकून पट्टा सैल केला, बुटाची दोरी सोडली, मोजा खाली सारला. मेणकागद काढून ते पांढरं कडं घट्ट्याभोवती ठेवलं आणि अंगठ्यानं दाबून धरलं. पलीकडे घाटाच्या पायऱ्यांवर ऊन पोचलं होतं. तिथं आता माणसं स्नान करून वर चढत होती.

“बाबा, लागत होतं,” ती मोठ्यानं म्हणाली. “इथं, आतल्या बाजूला. पहिल्या जोड्यात लागलं, मग सगळ्याच जोड्यांत लागलं. तुम्ही पुन्हा उसवाल म्हणून मी नाही म्हणत होते. दरवेळी लागत होतं, बाबा. आणि दरवेळी मी त्यांतच चालले.”